एखादा देश कोणत्या देशाला किती महत्त्व देतो, हे मोजता येतं का?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण एम.ए.ला असताना मी नेमका हाच उद्योग केला होता. पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यांची एक्सेल शीट केली, दर दौऱ्याला एक गुण दिला आणि यादी घेऊन सरांकडे गेलो. सरांनी एवढंच विचारलं, "भूतान कितवा?" बराच खाली होता. "मग अर्थसंकल्प उघड."

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. परराष्ट्र मंत्रालय खर्चासाठी संसदेकडे ज्या मागण्या मांडतं, त्यांत देशवार मदतीचा तक्ता असतो. २०२५-२६ साठी मंत्रालयाला साधारण २०,५०० कोटी रुपये होते. त्यातले २,१५० कोटी एकट्या भूतानला. नेपाळला ७००, मालदीवला ६००. आठ लाखांच्या आत वस्ती असलेल्या देशाला सगळ्यात मोठा वाटा का, तर नकाशात भूतानच्या खाली सिलिगुडीची चिंचोळी पट्टी बघा, ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणारी. २०१७ मध्ये भूतान-चीन सीमेवरच्या वादग्रस्त डोकलाम पठारावर भारत-चीन सैन्य ७३ दिवस आमनेसामने उभं होतं, ते तिथून फार लांब नाही. शिवाय हा सगळा दानधर्म नाही. काही रक्कम कर्ज म्हणून जलविद्युत प्रकल्पांना जाते आणि तिथली वीज आपणच विकत घेतो.

अर्थात अमेरिका या तक्त्यात नाहीच, म्हणून ती बिनमहत्त्वाची ठरत नाही. तिच्यासाठी व्यापार आणि संरक्षण करार बघावे लागतात.

दौरे मोजायचेच असतील तर परिषदांचे दौरे वेगळे काढा. जून २०२४ मध्ये मोदी इटलीला गेले ते जी-७ साठी. त्याचा गुण इटलीला देणं म्हणजे लग्नाला गेलो म्हणून मंगल कार्यालयाच्या मालकाशी घरोबा आहे असं समजणं. (माझ्या शीटमध्ये असे गुण भरपूर होते.)

संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानाचंही तसंच. २ मार्च २०२२ ला युक्रेनवरच्या रशियाच्या हल्ल्याचा निषेध करणाऱ्या ठरावाला १४१ देशांनी पाठिंबा दिला, ५ विरोधात गेले, ३५ तटस्थ राहिले. भारत त्या ३५ मध्ये. नुसतं मत पाहिलं तर आपण दोघांच्या मधोमध दिसतो. पण युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो पुढच्या दोन वर्षांत एक तृतीयांशावर गेला. मत आणि तेल शेजारी ठेवलं की चित्र बदलतं.

आणि अर्थसंकल्पातला एकच रकाना बघून थांबू नका. मूळ तरतूद, सुधारित अंदाज (वर्ष चालू असताना बदललेला आकडा) आणि प्रत्यक्ष खर्च, तिन्ही बघा. २०२३-२४ ला मालदीवसाठी ४०० कोटी ठरले होते. त्याच वर्षी मुइझ्झू 'इंडिया आउट' म्हणत तिथले राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. तरी सुधारित अंदाजात मालदीवची रक्कम होती सुमारे ७७० कोटी.