पहिला जीआर (शासन निर्णय) वाचताना

भावा, सगळं एकदम वाचायला जाऊ नको. 'रस्त्याला कोटींचा निधी मंजूर' अशी बातमी दिसली की शासनाच्या संकेतस्थळावरून जीआर काढ. त्यातली प्रशासकीय मान्यता म्हणजे कामाला फक्त मंजुरी, पैसे आले नव्हेत. निधी वितरणाचा आदेश वेगळा निघतो. नवखे बातमीदार इथंच फसतात.

- जीआरमध्ये वर 'वाचा' या शब्दाखाली जुने संदर्भ असतात, ते सोडू नको. निम्मी बातमी तिथंच.
- पुराच्या बातमीत कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघ: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका.
- माहिती अधिकारात 'असं का केलं?' विचारू नको, कागदाची प्रत माग. अर्जात एकच विषय, १५० शब्दांत, फी १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस.

अपील वगैरे नंतर बघू. आणि शहराच्या हद्दवाढीच्या फायलीला आत्ताच हात घालू नको मर्दा!