छोट्या शहराचं विमान नव्या मालकाच्या हातात गेलं की काय होतं? एअर डेक्कनवरून सांगतो

प्रश्न थोडक्यात असा: तोट्यात चाललेली, लहान शहरांना जोडणारी विमानकंपनी मोठ्या कंपनीनं ताब्यात घेतली. आता आमच्या शहराची फेरी टिकेल का, आणि बदल आधी कुठे दिसतील?

माझ्या मते सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासा. नव्या मालकानं पैसे नक्की कशासाठी मोजले? तुमच्या शहरातल्या प्रवाशांसाठी, की त्या कंपनीकडच्या दुसऱ्याच कशासाठी? आपल्याकडे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण एअर डेक्कनचं आहे.

कॅप्टन गोपीनाथांची डेक्कन ऑगस्ट २००३ मध्ये एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानांवर सुरू झाली. कागदी तिकीट नाही, फुकट जेवण नाही, आणि जिथे कुणी जात नव्हतं अशा धावपट्ट्यांवर उतरायचं. २००७ पर्यंत साठहून जास्त शहरं तिच्या नकाशावर होती, पण तोटा पेलवत नव्हता. त्या वर्षाच्या मध्याला विजय मल्ल्यांच्या गटानं शेअरमागे १५५ रुपये दरानं २६ टक्के हिस्सा सुमारे ५५० कोटींना घेतला आणि पुढे खुल्या ऑफरमधून तो वाढवला.

मल्ल्यांची स्वतःची विमानकंपनी किंगफिशर मे २००५ मध्ये सुरू झालेली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे परदेशी उड्डाणांसाठी देशात ५ वर्षं सेवा आणि ताफ्यात २० विमानं लागत. किंगफिशरची ५ वर्षं २०१० मध्ये भरणार होती, डेक्कनची २००८ मध्येच. म्हणून किंगफिशर डेक्कनच्या कंपनीत विलीन केली गेली आणि मग त्या कंपनीचं नाव किंगफिशर झालं. कागदावर धाकटीनं थोरलीला गिळलं नाही, ती थोरलीच्या पोटात शिरली. सप्टेंबर २००८ मध्ये बंगळुरू-लंडन विमान उडालं. छोटी शहरं या व्यवहारात सोबत आलेलं सामान होती, आणि हे त्याच वेळी ओळखता येण्यासारखं होतं.

बदलांचा क्रमही बघण्यासारखा आहे. आधी रंग आणि नाव बदललं: डेक्कनचं ‘सिम्प्लिफ्लाय डेक्कन’ झालं, चिन्ह गेलं, २००८ मध्ये ‘किंगफिशर रेड’ आलं. त्यामागोमाग उड्डाणक्रमांक आणि आरक्षण एकाच सांकेतिक अक्षरांखाली आले. प्रवाशाला एवढंच दिसतं. खरा फरक खर्चाच्या रचनेत पडतो.

आसनांचं गणित घ्या. एअरबस ए३२० एकाच वर्गात १८० आसनांची करता येते. पुढे ऐसपैस वर्ग काढून तीच १३४ आसनांवर आणली, तर इंधन, भाडेपट्टा, वैमानिक यांचा खर्च जवळपास तोच राहतो, पण दर आसनामागे तो साधारण ३४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे तिकीट तेवढं महाग विकलं जायला हवं. स्वस्त तिकिटांवर वाढलेल्या ताफ्यात ही मांडणी शिरली की हिशेब बसत नाही.

छोट्या विमानांना वेगळाच फटका बसतो. एटीआर २०-२५ मिनिटांत परत उडवता येतं, म्हणून दिवसाला सहा उड्डाणं जमतात. खाणं चढवणं, जास्तीची सफाई, जोडउड्डाणाच्या प्रवाशांची वाट पाहणं यात दर थांब्याला १५ मिनिटं वाढली, तर पाच थांब्यांत ७५ मिनिटं जातात. मुंबई-कोल्हापूरएवढं एक अख्खं उड्डाण त्या दिवसातून गळतं. शिवाय कोल्हापूरसारख्या धावपट्ट्यांवर कित्येक वर्षं रात्री उतरायची सोय नव्हती. सकाळी मुंबईत झालेला उशीर संध्याकाळी सूर्यास्ताला जाऊन आपटतो आणि शेवटची फेरी रद्द होते. लोक म्हणतात ‘प्रवासी नव्हते म्हणून बंद केली’, पण रद्द होण्याच्या भीतीनंच प्रवासी रस्त्याकडे वळलेले असतात.

देखभालीत अशी समजूत असते की दोन्हीकडे एटीआर आहेत म्हणजे सुटे भाग एकत्र करून पैसे वाचतील. तसं होत नाही. जुन्या एटीआर ४२-३२० ला चार पात्यांचा पंखा आणि पीडब्ल्यू१२१ इंजिन, तर ७२-५०० ला सहा पात्यांचा पंखा आणि पीडब्ल्यू१२७. दोन्हींसाठी राखीव इंजिन आणि पंखे वेगळे ठेवावे लागतात. पैशांची चणचण आली की राखीव भाग घेणं थांबतं, मग उभ्या विमानाचा भाग काढून उडणाऱ्याला लावतात. उभं विमान परत उडवायला आणखी महिने लागतात, आणि ताफा कागदावर मोठा दिसत असताना मैदानावर लहान होत जातो.

खरं तर छोट्या विमानाला आपल्या नियमांनी हात दिला होता. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला देशांतर्गत सेवेत उतरण्याचं शुल्क माफ, आणि ४० हजार किलोखालच्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर तेव्हा ४ टक्के, जिथे मोठ्या विमानांना बऱ्याच राज्यांत वीसच्या वर मोजावे लागत. त्यामुळे एखाद्या मार्गावरून एटीआर काढून ‘मोठं विमान देतो’ अशी घोषणा झाली की मला आनंद होत नाही. त्या विमानाला ७० ऐवजी १८० माणसं हवीत आणि इंधनही महाग. सहा महिन्यांत रोजची फेरी आठवड्यातून तीनदा होते.

पुढचं माहीतच आहे. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं, कर्ज फुगत गेलं, तेलकंपन्या रोखीशिवाय इंधन देईनात. सप्टेंबर २०११ मध्ये रेड बंद करण्याची घोषणा झाली, नोव्हेंबरात उड्डाणं ढिगानं रद्द झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक नियामकानं, परवाना निलंबित केला. लोकांचे थकलेले पगार हा यातला सगळ्यात दुःखद भाग.

म्हणून तुमच्या शहरासाठी जाहिरात बघू नका, वेळापत्रक बघा. सहा महिन्यांपुढचं आरक्षण उघडतंय का? मोठ्या शहरातल्या विमानतळावरची सकाळची ठरलेली उड्डाणवेळ तुमच्या फेरीकडून काढून दुसऱ्या महानगराला दिली का? हे मी सगळ्यात गंभीर मानतो, कारण मुंबईतली ती वेळ एकदा गेली की परत मिळत नाही. एटीआरच्या वैमानिकांना एअरबसच्या प्रशिक्षणाला पाठवलं जातंय आणि त्यांच्या जागी भरती नाही, हेही तसंच. फेरी उडान योजनेतली (छोट्या शहरांच्या फेऱ्यांना सरकारी अनुदान देणारी योजना) असेल तर अनुदानाची ३ वर्षं कधी संपतात ते काढा. त्या तारखेनंतर नवा मालक फेरीला हात लावण्याची शक्यता वाढते.

तिकिटाचं म्हणाल तर नाव आणि आरक्षणप्रणाली बदलायच्या काळात जुना आरक्षण क्रमांक नव्या संकेतस्थळावर दिसतोय का ते स्वतः उघडून बघा. दलालामार्फत काढलेल्या तिकिटांवर प्रवाशाचा मोबाईल नसतो, आणि बदललेली वेळ कळतच नाही. पैसे क्रेडिट कार्डानं भरा, म्हणजे सेवा न मिळाल्यास बँकेकडे दाद मागता येते. आणि रुग्णालय, परीक्षा किंवा परदेशी विमान गाठायचं असेल, तर संध्याकाळची शेवटची फेरी धरू नका. आदल्या दिवशीची धरा.