सैनिकांची कागदपत्रं, स्कॅनिंग आणि आपले प्रश्न

साताऱ्यातल्या आमच्या संग्रहालयात माजी सैनिक संघटनेची जुनी इतिवृत्तं, सभासद अर्ज आणि फोटो स्कॅन करायला घेतल्यापासून घरोघरच्या ट्रंका उघडू लागल्या आहेत. त्याचा आनंद आहे. पण तेच तेच गैरसमज रोज ऐकायला मिळतात, म्हणून ही उत्तरं इथे एकदाच देतो.

आजोबांचं डिस्चार्ज बुक (सैन्यातून मोकळं होताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) फाटायला आलंय. लॅमिनेट करून आणू का? (कोरेगाव)

नको. लॅमिनेशनमध्ये कागद गरम प्लास्टिकला चिकटतो तो कायमचाच. सेलोटेपही लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. दुकानदार 'लाइफटाइम गॅरंटी' देतो ती प्लास्टिकची असते, कागदाची नव्हे. आहे तसं मोठ्या पाकिटात घालून आधी दाखवायला आणा.

स्कॅन झाल्यावर मूळ कागद परत मिळतात का? गावात म्हणतात, सरकारजमा होतात. (वाई)

परत मिळतात. पानं मोजून पोच घ्या. पोच न देता कुणी कागद मागितले तर देऊ नका, तो आमचं नाव सांगत असला तरी.

पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. कागदावर 'जि. सातारा' आहे, आम्ही तर सांगलीवाले. शिवाय ऑनलाइन यादीत नाव नाही, म्हणजे ते लढाईवर गेलेच नव्हते असं भाऊ म्हणतो. (तासगाव)

जिल्ह्याचा घोळ सोपा आहे. 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. तासगाव, वाळवा, खानापूर इथल्या जुन्या सैनिकांच्या कागदावर सातारा असणारच. कागद जरूर आणा.

भावाला मात्र सांगा, की राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत फक्त मृत सैनिकांची नावं असतात. पणजोबा जिवंत परतले म्हणून तर तुम्ही दोघं आहात! लाहोरच्या संग्रहालयातल्या नोंदवह्या ऑनलाइन आल्याची बातमी फिरते, पण त्या पंजाबातल्या सैनिकांच्या आहेत. पलटणीच्या आकड्यावरूनही घाईने निष्कर्ष काढू नका. 1922 च्या फेररचनेत जुने आकडे बदलले आणि 103 मराठा ही जुनी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण झाली. कागदावर असेल तोच आकडा उतरवून घ्या, 'दुरुस्त' करू नका. बाकीचं कागद समोर ठेवून बोलू.

मेळाव्यांचे पन्नासेक जुने फोटो आहेत. मोबाइलवर काढून पेन ड्राइव्हमध्ये देतो, नावं नंतर सांगतो. चालेल ना? (सातारा)

चालणार नाही. मोबाइलचं मागाहून बोलू. 'नावं नंतर' हे आता मला ऐकवत नाही. स्कॅनर चेहरा उचलतो, नाव उचलत नाही. खुर्चीवर बसलेले सुभेदार कोण, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कुठल्या गावचा, हे सांगू शकणारी माणसं किती उरली आहेत? 1962 मध्ये विशीत असलेल्या जवानाने आता ऐंशी ओलांडली. संघटनेची कमिटी म्हणते, दिवाळीनंतरच्या मेळाव्यात विचारू. मेळावा होतो, पण विचारायचं ज्यांना ते आलेले नसतात.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. प्रत्येक फोटोची मोठी झेरॉक्स काढा. तिच्यावर एकेकाच्या छातीवर आकडा टाका आणि खाली आकड्यापुढे पूर्ण नाव, हुद्दा, गाव, तालुका लिहा. नुसतं 'शिंदे' लिहून भागत नाही, आपल्याकडे एका कंपनीत चार शिंदे निघतात. ओळख कुणी पटवली आणि कोणत्या तारखेला, तेही लिहा. दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली तर दोन्ही ठेवा, हात वर करून मतदान घेऊ नका. ओळखला नाही त्याची जागा कोरी सोडा. अंदाजाने भरलेलं नाव एकदा यादीत गेलं की पुढे तेच खरं ठरतं, आणि दुसऱ्याच कुणाचा नातू तो फोटो फ्रेम करून भिंतीला लावतो. असं झालेलं आहे.

मूळ फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवू नका, दाबाने पुढे रेघ उठते. लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. आता मोबाइल: फोटोवर चकाकी येते, कडा वाकड्या होतात, आणि व्हॉट्सॲपवरून पाठवला की बारीक तपशील गेलाच. छोटे फोटो आम्ही 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करतो. अल्बममधून उचकटू नका, अल्बमसकट घेऊन या. येण्याआधी वेळ ठरवा, म्हणजे झेरॉक्सवरची यादी तुमच्यासमोर वाचता येईल.

एक जण म्हणतो, कागद 'डिजिटल' करून दिले की पेन्शनची थकबाकी सुटते. पाच हजार मागतोय. (कराड)

देऊ नका. आमचं स्कॅन हा इतिहासाचा दस्तऐवज आहे, सरकारी दाखला नव्हे. पेन्शनसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि त्या गृहस्थाला पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), आधार, बँक पासबुक यांतलं काहीही दाखवू नका. सभासद अर्जावरची अशी माहिती आम्हीसुद्धा झाकूनच लोकांपुढे ठेवतो.

वडिलांच्या 1971 च्या डायरीत हाताने काढलेले नकाशे आहेत. गावच्या ग्रुपवर टाकू का? (खटाव)

टाकू नका. आधी डायरी दाखवा, गरज वाटली तर सैनिक कल्याण कार्यालयालाही विचारू.

2019 च्या पुरात भिजलेलं आमच्या शाखेचं रजिस्टर वाळून वीट झालंय. पानं सुटतील का? (सांगली)

सुरीने, वाफेने, इस्त्रीने प्रयत्न करू नका. काही पानं सुटतात, काही नाही. ते कागद-संवर्धकाने हातात घेऊनच सांगायचं असतं. सहा-सात वर्षं ते कपाटात का पडून राहिलं, हे तुमच्या कार्यकारिणीला विचारा. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू लागते. पुन्हा अशी वेळ आली तर ओलं रजिस्टर न उघडता प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. उरलेली रजिस्टरं तळमजल्यावर असतील तर पावसाळ्याआधी वर हलवा.