स्नूकर क्यूला फेरूल लागतेच का? बिना फेरूलची चालणार नाही का?

टाक बावा फेरूल, म्हणजे क्यूच्या (खेळायच्या काठीच्या) टोकावर बसते ती पितळी टोपी. पैसे वाचवायचे तर कव्हरात वाचव. तू लिहिलंय की ॲश लाकडाची क्यू बनवून घेतोय अन् बनवणारा म्हणतो फेरूल नको, स्वस्त पडेल आणि टचही (बॉल लागल्याची हाताला होणारी जाणीव) चांगला येईल. हे टचवालं वाक्य मी आमच्या साळभाऊंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

साळभाऊ नागपूरला शिकायला होते, तिथं क्लबात खेळले, तेव्हापासून स्नूकरमधलं सगळं त्यांनाच समजते. आमच्या गावी कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर एक टेबल आहे, तिथल्या चांगल्या क्यूची पितळी फेरूल मे महिन्यात ढिली झाली. आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, लाकूड वाळून आकसते, पितळ काही तसं आकसत नाही, मग फेरूल हलते आणि शॉट मारला की खट आवाज येतो. एवढंच होतं. पण साळभाऊ म्हणाले, "काढून फेका ते पितळ, टिप डायरेक्ट लाकडावर चिकटवा, मंग पाहा टच!" टिप म्हणजे बॉलला लागणारी चामड्याची गादी. पाहुणे माणूस, टेबल सांभाळणारा मार्करही काही बोलला नाही. काढली.

काही दिवस बरी चालली, खोटं कशाला बोलू. मग एका पोरानं जोरात पॉवर शॉट मारला आणि टिपच्या खालून लाकूड उभं तडकलं. तडकणारच ना! ॲशचे रेशे उभे असतात, स्नूकरच्या क्यूचं तोंड साडेनऊ-दहा एमएमचं, पूलच्या क्यूचं बारा-तेरा, आणि एवढ्याशा जागेवर रोज ठोके. मुसळाच्या बुडाला लोखंडी कडं काहून बसवतात, त्यातलंच हे. वरून टिप बदलताना दरवेळी सँडपेपरनं तोंड सपाट करा, कडेनं ब्लेड फिरवा. फेरूल असली की हे सगळं पितळावर घासते, नसली की थेट लाकूड खाते.

शेवटी ती क्यू घेऊन मीच गेलो लेथवाल्याकडं. पाणबुडी मोटरचे बुश अन् ट्रॅक्टरच्या पिना करणारा माणूस, त्यानं क्यू फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "कोणत्या मशीनचं आहे हे?" समजावल्यावर मात्र काय काम केलं पठ्ठ्यानं! तडकलेला भाग कापला, पितळी रॉडमधून पातळ भिंतीची टोपी काढली, लाकडाचं टोक तेवढंच बारीक केलं, अराल्डाइट लावून बसवली आणि बाहेरून असं लेव्हल केलं की बोट फिरवलं तर जोड लागत नाही. क्यू निमुळती असते म्हणून कापल्यावर तोंड जरासं जाड झालं. लांबीचं टेन्शन नव्हतं, नियमात क्यू कमीत कमी तीन फूट पाहिजे एवढंच आहे. ती आजही क्लबात आहे, अन् पोरं तिच्यासाठी भांडतात.

साळभाऊंचं यावर काय, तर 1875 साली जबलपूरच्या मेसमध्ये साहेब लोकांनी स्नूकर काढला तेव्हा कुठं होत्या असल्या टोप्या? अहो तेव्हा बॉल हस्तिदंताचे होते, मग आता दारात हत्ती बांधायचा का! आणि टचबद्दल एकदाचं सांगतो, डोळे बांधून खेळायला लावा, फेरूल आहे की नाही हे साळभाऊंनी ओळखलं तर पुढच्या वर्षभराचे टेबलाचे पैसे माझे. ते काही अजून तयार झालेले नाहीत.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र खरी आहे. पितळ लाकडापेक्षा जड, टोकाला वजन वाढलं की साइड मारताना (बॉलच्या मधोमध न मारता बाजूला मारताना) पांढरा बॉल रेषेतून जास्त सरकतो. म्हणून फेरूल आखूड घे, एक सेंटिमीटरच्या आसपास, लांबलचक शोभेची नको. कार्बनच्या पूल क्यूला फेरूल नावालाच असते किंवा नसतेच, पण ते लाकूड नाही, त्याच्याशी तुलना नको. आणि घरच्या छोट्या टेबलावर लेकरांना खेळायला हवी असेल तर बिना फेरूलचीही चालते, उगाच खर्च करू नको.

उन्हाळ्यात ढिली झालीच तर काढून, साफ करून परत चिकटव, अर्ध्या तासाचं काम आहे. अन् क्यू टिनाच्या खोलीत नको ठेवू.