कुत्रा कोणाचा, हे आधी विचारावे

प्रश्न : मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची पदवीधर आहे. पुण्यात पाच वर्षे काम केल्यानंतर आता मेलबर्नमध्ये नोंदणीकृत पशुवैद्य म्हणून काम करते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील नॉर्दर्न टेरिटरीतील दुर्गम अ‍ॅबोरिजिनल (मूळनिवासी) वस्त्यांमध्ये जाऊन रजेच्या दोन आठवड्यांत कुत्र्यांचे विनामूल्य निर्बीजीकरण करावे, असे मनात आहे. स्वतःची गाडी आणि औषधे घेऊन गेल्यास चालेल का?

उत्तर : आपली इच्छा मनापासूनची आहे, पण असे परस्पर जाऊ नये. १९७६च्या भूमिहक्क कायद्यानुसार तेथील फार मोठा प्रदेश मूळनिवासींच्या मालकीचा आहे आणि त्यात जाण्यासाठी परवाना लागतो. डार्विनमधील ‘अमरिक’ ही संस्था अशा वस्त्यांच्या सोबतीने प्राण्यांच्या आरोग्याचे काम करते; तिच्याकडे आधी चौकशी करावी. रजा मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत घ्यावी, कारण पावसाळ्यात तेथील अनेक रस्ते पाण्याखाली असतात.

आपला पुण्याचा अनुभव तिथे फार मोलाचा ठरेल. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिओसिस हा रोग आपण दवाखान्यात सतत पाहिला असेल. ऑस्ट्रेलियातील कुत्र्यांमध्ये मात्र तो मे २०२० मध्ये पहिल्यांदा, पश्चिमेकडील किंबर्ली भागात आढळला आणि नंतर नॉर्दर्न टेरिटरीतही पोहोचला. पांढरट हिरड्या, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, नाकातून रक्त, हे पाहताच आपल्या मनात जी शंका येईल ती तेथील सहकाऱ्यांना लगेच सांगावी. हा रोग सरकारला कळवणे बंधनकारक आहे. त्यावर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या सुमारे चार आठवडे रोज द्याव्या लागतात आणि जवळपास दवाखाना नसलेल्या ठिकाणी ते किती अवघड असते, याची कल्पना आपल्याला येईलच. म्हणून काही महिने टिकणारा गोचीडनाशक पट्टा गळ्यात बांधून तो का काढू नये हे घरच्यांना नीट समजावणे, हे मला शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे वाटते.

एका वस्तीत खरजेने केस गेलेली एक कुत्री ओसरीवरच्या गादीवर निजली होती. मी दोरी घेऊन पुढे झालो, तेव्हा तिथे बसलेल्या आजी शांतपणे म्हणाल्या, “ती नातवाची आहे, तो शाळेतून येऊ दे.” आम्ही तासभर थांबलो. मुलाने तिला मांडीवर घेतले, इंजेक्शन झाले आणि दुसऱ्या दिवशी तोच शेजारच्या घरांतली चार कुत्री घेऊन आला. अनेक वस्त्यांमध्ये कुत्र्याला नात्यागोत्यात स्थान असते, त्यामुळे मालकाच्या होकाराशिवाय हात लावू नये. निर्बीजीकरणाला नकार मिळाला, तर खरजेच्या आणि गोचिडांच्या उपचाराबद्दल विचारावे. त्यालाही नकार असेल, तर आग्रह न धरता पुढच्या घरी जावे.

पहिल्या खेपेस आपल्याला शस्त्रक्रियेऐवजी भुलीतून उठणाऱ्या कुत्र्यांजवळ सावलीत बसण्याचे काम मिळाले, तर ते आनंदाने स्वीकारावे आणि पुढच्या वर्षी त्याच वस्तीत पुन्हा येता येईल का, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे.