थंडीत कोंबडी अंड्यांवर बसवताना

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: निफाडजवळ मळ्यात घर, कांदाचाळीच्या आडोशाला खुराडं, डिसेंबरात गावरान खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीखाली तेरा अंडी ठेवली, चारच फुटली आणि त्यातलीही दोन पिल्लं आठवड्यात गेली. थंडी लागू नये म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. आता अंडी उबवायचं मशीन घ्यावं का, असं विचारताय. माझं स्पष्ट मत, यंदा मशीनवर पैसे घालू नका. आधी अंड्यांची संख्या कमी करा आणि ते प्लॅस्टिक काढा.

गावरान कोंबडी अंगाने लहान. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती तेरा अंडी सांभाळते, पण कडाक्याच्या थंडीत तिच्या पोटाखाली आठ-नऊच नीट झाकली जातात. कडेची चार उघडी राहिली तर तेवढीच वाया जातील, असं वाटतं. तसं होत नाही. कोंबडी दिवसभरात कितीतरी वेळा चोचीने अंडी फिरवते, आतलं कडेला आणि कडेचं आत घेते. म्हणजे प्रत्येक अंड्यावर गारठण्याची पाळी येते आणि नुकसान सगळ्यांचंच होतं. पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच मेलेलं सापडतं, त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून थंडीत आठ, कोंबडी दांडगी असेल तर नऊ. त्यापुढे मोह नको.

अंडी गोळा करण्यातही थंडी घात करते. तुमच्याकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. रात्रभर खुराड्यात पडून राहिलेलं अंडं बसवण्यासाठी धरू नका. संध्याकाळच्या आत अंडी उचला आणि घरात, साधारण १२ ते १८ अंश राहील अशा जागी, निमुळतं टोक खाली करून ठेवा. धान्यात पुरून ठेवायची आपली जुनी पद्धत चांगली आहे. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं नको, फ्रीजमधलं तर नकोच. धुवू नका. गार अंडं एकदम उबेत गेलं की कवचाला दव सुटतं आणि त्या ओलीबरोबर जंतू छिद्रांतून आत शिरतात, म्हणून काही तास खोलीत राहू द्या आणि मग रात्री कोंबडीखाली सरकवा.

कोंबडी बसवायची पाटी थेट शहाबादी फरशीवर ठेवू नका, फरशी ऊब ओढून घेते. खाली दुहेरी बारदान, पाटीत थोडी राख आणि वर कोरडं काड. राखेने पिसवाही कमी होतात. दिवसातून एकदा कोंबडी उठून दाणापाणी करते, त्या पंधरा-वीस मिनिटांत अंड्यांचं काही बिघडत नाही. मात्र दाणापाणी जवळच ठेवा. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडी बघा. काळा ठिपका आणि लाल शिरा दिसल्या नाहीत तर ते अंडं काढून टाका, उरलेल्यांना ऊब जास्त मिळते.

आता प्लॅस्टिक. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण जीव लावून माणूस हेच करतो आणि कोंबड्या आजारी पडतात. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. पिसं कोरडी असतील तर तुमच्याकडची थंडी ती सोसते. तिला सोसत नाही ती ओल. श्वासाची आणि विष्ठेची वाफ बंद खुराड्यात अडकते, रात्री प्लॅस्टिकवर दव धरून खाली ठिबकतं, भुसा ओला होतो आणि अमोनिया सुटतो. मग नाक वाहणं, घरघर, आणि पिल्लं पटापट मरतात. पहाटे खुराड्यात कोंबडीच्या उंचीला वाकून पाहा. डोळे चुरचुरले तर हवा कोंडलेली आहे. वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे मुख्यतः उत्तरेला आणि पूर्वेला, बारदानाचे पडदे लावा. छपराखाली वीतभर फट मोकळी ठेवा, म्हणजे वाफ वरून निघून जाईल आणि झोत अंगावर येणार नाही. खाली तुसाचा चार-सहा इंच थर, रोज हलवायचा, ओला झालेला लगेच काढायचा.

डिसेंबरात खुडूक बसली म्हणून डिसेंबरातच अंडी ठेवायला हवीत असं नाही. एकवीस दिवसांचा हिशेब धरा. संक्रांतीला बसवली तर पिल्लं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघतात आणि पिसं फुटेपर्यंत कडाका ओसरलेला असतो. तोवर खुडूक मोडायची तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, काड न घालता, तीन-चार दिवस ठेवा. दाणापाणी द्या. गार पाण्यात बुडवणं, नाकात पीस खोचणं हे प्रकार कृपा करून करू नका.

पिल्लं आईबरोबर असतील तर ऊब तीच देते. वेगळी ठेवलीत तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. बल्ब पिवळा, तारेचा हवा, एलईडीने ऊब मिळत नाही. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा: बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी, लांब पळून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त. रात्री लाइट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या बारदानात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवली तर विषारी वायूने पिल्लं मरतात आणि तिथे झोपलेल्या माणसालाही धोका असतो. पहिलं पाणी कोमट, किंचित गूळ घातलेलं द्या.

मशीन पुढे कधी घेतलंत तर घराच्या आतल्या खोलीत ठेवा. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश लागतात. बाहेर गारठा असला की तापमान टिकत नाही, आणि कोरड्या हवेत शेवटच्या तीन दिवसांत पिल्लू कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून मरतं.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस मात्र चुकवू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात. कुपी निदान शंभर डोसांची असते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आसपासच्या दोन-चार घरांची पिल्लं एकाच सकाळी जमवा. लस बर्फावरच आणा आणि गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कधी मिळेल ते कोंबडी बसवतानाच विचारून ठेवा.