अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठी मुलीने सॅटच्या विषयवार परीक्षा द्याव्यात का? ती मडगावला बारावी विज्ञान शाखेत आहे.

नाही, कारण सॅटच्या विषयवार परीक्षा आता होतच नाहीत. त्या घेणाऱ्या कॉलेज बोर्डानेच जानेवारी 2021 मध्ये त्या बंद करत असल्याचे जाहीर केले. अमेरिकेत त्या तत्काळ थांबल्या आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना त्याच वर्षी मे व जूनमध्ये शेवटची संधी मिळाली. त्यामुळे भौतिकशास्त्र किंवा ‘गणित लेव्हल 2’ अशी नावे असलेली, तासाभराच्या पेपरला 200 ते 800 गुण सांगणारी जुनी पुस्तके कोणी आपुलकीने दिली, तरी त्यांवर तिचे बारावीचे मोलाचे महिने कृपया घालवू नका. विषयातील तयारी दाखवायचीच असेल, तर मे महिन्यात होणाऱ्या, 1 ते 5 अशी श्रेणी देणाऱ्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत असतानाच देता येणाऱ्या महाविद्यालयीन दर्जाच्या) परीक्षा आहेत; मात्र त्यांचा अभ्यासक्रम गोवा मंडळाच्या अभ्यासक्रमाशी तंतोतंत जुळत नाही, आणि बारावीचे गुण सांभाळून एखादाच विषय नीट करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा: 1600 गुणांची मूळ सॅट परीक्षा सुरूच आहे. ती आता संगणकावर होते, काही विद्यापीठांत ऐच्छिक आहे, तर अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने 2022 मध्ये ती पुन्हा अनिवार्य केली. म्हणून निवडलेल्या प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिच्या प्रवेशवर्षाचा नियम वाचूनच नोंदणी करावी.